‘नाही’ म्हणणारे दुकान

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांची वये प्रसंगाप्रमाणे बदलतात, हे मी वाचकांना सांगायला नको. आगगाडीच्या तिकिटाच्या खिडकीशी बारा वर्षे उलटलेला मुलगा पुन्हा अकराचा होतो. शाळेत नाव घालताना मात्र पावणेसहाचा मुलगा बघता बघता सहाचा होतो. आमच्या मामंजींच्या पिढीतल्या कितीतरी मंडळींचा वाढदिवस एक जूनला येतो. त्यात ग्रहांचा काही हात नसून गावच्या हेडमास्तरांचा आहे. एवढा वारसा पाठीशी असताना आमच्या धाकटीचे वय तीन महिन्यांनी वाढवून लिहावे की लिहू नये, यावरून एका दूरच्या बेटावर, माडाच्या सावलीत, आम्हा उभयतांचे भांडण व्हावे हे नवलच. पण ते झाले, आणि चांगले कडाक्याचे झाले.

एरवी या सदरात मी घरातल्या आणि वर्गातल्या गोष्टी सांगते. आज समुद्राच्या तळाच्या सांगणार आहे; आणि मी स्वतः त्या तळाशी गेलेली नाही, हेही प्रथमच कबूल करून टाकते. का गेले नाही, तेच तर सांगायचे आहे.

आम्ही गेलो होतो अंदमानला. मामंजींना सेल्युलर तुरुंग पाहायचा होता. १९०६ साली बांधून पुरा झालेला तो तुरुंग, आणि १९११ पासून दहा वर्षे सावरकर जेथे होते ती कोठडी, एकदा डोळ्यांनी पाहावी ही त्यांची फार दिवसांची इच्छा. थोरल्या चिरंजीवांना पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली जायचे होते. धाकटीला दादा जे करील ते करायचे होते. ह्यांना एका तिकिटात दोन कामे होत असलेली आवडतात. तेव्हा एप्रिलअखेर परीक्षा आटोपताच आम्ही निघालो. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्याला श्री विजयपुरम म्हणतात त्या गावी, तुरुंगापुढे मामंजी बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वेगाच्या बोटीने दोन-अडीच तासांत हॅवलॉक बेटावर पोहोचलो. या बेटाचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झाले आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना येथे वसवले गेले. त्यांच्या गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी मोठी गोड आहेत. किनारे मात्र तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर असेच ओळखले जातात, अगदी म्युनिसिपालिटीच्या शाळांसारखे!

समुद्राखाली श्वास घेण्याची ही हौस आमच्या घरात शिरली ती मात्र मालवणात. दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहायला गेलो असताना चिरंजीवांनी तेथे पहिली बुडी मारली. ज्याने त्यांना नेले त्याचे नाव सांगत नाही. तेथे चांगली माणसेही पुष्कळ आहेत. पण आमच्या वाट्याला आलेल्या माणसाला घाई होती. चिरंजीव कानाकडे बोट दाखवीत होते आणि तो त्यांना धरून आणखी खाली नेत होता, कारण फोटो काढावयाचा राहिला होता. फोटो उत्तम आला. कानाच्या पडद्याला इजा झाली ती बरी व्हायला दीड महिना लागला. पुढे कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून ‘आता हरकत नाही’ असे लेखी दिले, तेव्हाच मी अंदमानच्या बेताला होकार दिला.

म्हणून स्वराज द्वीपावर उतरल्यावर मी ठरवून टाकले होते, की पहिल्या दुकानात पैसे भरायचे नाहीत. निदान दोन दुकाने पाहायची. साडी घेताना जी चार दुकाने हिंडते तिने मुलाचा जीव सोपवताना एकातच का थांबावे?

पहिले दुकान रस्त्यालगत होते. बाहेर रंगीत माशांचे भले मोठे चित्र. आतल्या गृहस्थांचा स्वभाव अतिशय गोड. माणशी तीन हजार. चौघांचे मिळून दहा हजार. “पोहता येत नाही? चालेल. चष्मा आहे? चालेल. दमा? अहो, काही होत नाही!” मी विचारले, “मुलगी पावणेदहा वर्षांची आहे.” ते हसून म्हणाले, “लिहा दहा!” अर्ज होता, पण त्यावर फक्त सही करायची, प्रश्नांची उत्तरे त्यांचा मुलगा मागाहून भरणार होता. उद्या सकाळी कोणत्या जागी नेणार, तेही त्यांनी फोटोवर बोट ठेवून पक्के सांगितले. ह्यांचा चेहरा खुलला. असा नडत नसलेला माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

दुसरे दुकान आत माडांच्या बागेत होते. तेथे एक पंचविशीतली बंगाली मुलगी बसली होती, तीच शिकवणारी. भाव माणशी साडेचार हजार, आणि कमी होणार नाही. शिवाय भावाची गोष्ट मागाहून. आधी तिने आमच्या हातात आरोग्याचे अर्ज ठेवले आणि पंखा लावून दिला. “सावकाश भरा,” म्हणाली, “आणि खरे भरा.”

मी खरे भरले. लहानपणी मला दमा होता. अजूनही थंडीत एखादे वेळी पंप घ्यावा लागतो. तिने विचारले, “डॉक्टरांचे पत्र आहे?” मुलाच्या कानाचे पत्र मी आणले होते, स्वतःचे आणावे हे डोक्यातही आले नव्हते. “मग तुम्हांला नेता येणार नाही.” धाकटीची जन्मतारीख पाहून म्हणाली, “हिलाही नाही. दहा पुरी लागतात.” चिरंजीवांच्या डॉक्टरांचे पत्र तिने दोनदा वाचले, त्यांना नाक धरून हलकेच फुंकायला लावले, दोन्ही कान मोकळे होतात ना याची खात्री केली आणि मान डोलावली. हे सत्तेचाळीस वर्षांचे. पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल असे निराळे प्रश्न असतात. त्यांतून हे सुटले. म्हणजे चार गिऱ्हाइके आत आली होती, त्यांपैकी दोघांना तिने आपल्या तोंडाने परत पाठवले. नऊ हजार रुपयांवर पाणी सोडले!

आम्ही पुण्याची माणसे. नाही म्हणणाऱ्या दुकानाचे आम्हांला अप्रूप नाही. पण पुण्यातली ‘नाही’ ही दुकानदाराच्या दुपारच्या झोपेसाठी असते. ही ‘नाही’ गिऱ्हाइकाच्या फुप्फुसांसाठी होती.

बाहेर येताच धाकटीने गळा काढला. सहा महिने ती वर्गात सांगत होती, की मी समुद्राच्या खाली जाणार. ह्यांना ते पाहवेना. “अगं, तीन महिन्यांनी काय बिघडतंय? पहिल्या दुकानात जाऊ. तो तर स्वस्तही आहे आणि चौघांनाही नेतो. तूही ये.” मी नाही म्हटले. ते चिडले. आपली मुलगी रडत असताना नियमांवर बोट ठेवणारी आई कोणालाच आवडत नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही आवडत नव्हती. मनात आले, काय हरकत आहे? हजारो लोक जातात, येतात. मला तरी आयुष्यात पुन्हा इकडे यायला कधी मिळणार?

मामंजी बाकावर बसून ऐकत होते. ते ह्यांना म्हणाले, “तुझं वय मीही चोरलं होतं, एसटीत. पण तिथं फार तर कंडक्टर पकडतो आणि दंड भरून सुटका होते. पाण्याखाली कोण पकडणार आणि दंड कोण भरणार?” ह्यावर कोणी काही बोलले नाही. आम्ही परत बागेतल्या दुकानात गेलो आणि दोघांचे पैसे भरले.

त्या मुलीने मात्र धाकटीला जवळ बसवून, मोठ्या माणसाला सांगावे तसे सारे समजावून सांगितले. ते येथे द्यावेसे वाटते, कारण दुकान कसे निवडावे याची किल्ली त्यातच आहे.

महाबळेश्वरला जाताना वेफर्सचे पाकीट घाटात फुगते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरते. समुद्रात हाच प्रकार फार झपाट्याने घडतो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तेथे टाकीतून घेतलेला छातीभर श्वास रोखून धरून माणूस वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसांना इजा होते. म्हणून बुडीचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर यायचे ते सावकाश. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आकसल्या तर श्वास न रोखताही हवा आत अडकून राहू शकते. म्हणून मला पत्र मागितले. त्यात तिचा हट्ट नव्हता. कानाचेही तेच. खाली जाताना बाहेरचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. नाक धरून हलकेच फुंकले की घशातून कानात जाणाऱ्या नळीने दाब सारखा होतो. लहान मुलांची ती नळी अरुंद असते. शिवाय तळाशी घाबरगुंडी उडाली तर वर पळायचे नाही, हे कळायला एक वय लागते. पहिल्या बुडीसाठी दहा वर्षांची अट आहे ती यासाठी.

आणि आपण ज्याला सरसकट ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतो तिच्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते, हे ऐकून आमचे हे चकित झाले. त्या हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि शरीरात विरघळतो. सावकाश वर आले तर तो सावकाश निघून जातो. घाईने आले तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे होतात. विमानातही दाब कमी असतो. म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास, आणि एकाहून अधिक बुड्या झाल्या असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये असे सांगतात. पुरा दिवस सोडला तर उत्तमच. आमच्या प्रवासी कंपनीने बुडी टाकली होती शेवटच्या दिवशी आणि विमान होते दुसऱ्या दिवशी सकाळचे! त्या मुलीने तिकिटे पाहायला मागितली आणि बुडी दोन दिवस अलीकडे घ्यायला लावली. वाचकहो, बेत आखतानाच लक्षात ठेवा: समुद्र आधी, दुकाने आणि तुरुंग मागाहून.

आता जागेविषयी. गिऱ्हाईक विचारते, “सर्वांत सुंदर जागा कोणती?” खरा प्रश्न असा, की आपल्याला झेपेल अशी जागा कोणती? स्वराज द्वीपाजवळ बुडीच्या जागा पुष्कळ आहेत. दोन नंबरच्या किनाऱ्यालगत नीमो रीफ म्हणून उथळ जागा आहे. वाळूतून चालत पाण्यात शिरायचे आणि प्रवाळांत लपंडाव खेळणारे नारिंगी-पांढरे विदूषक मासे पाहायचे. नवशिक्याला ही पुरे. लाइटहाउस म्हणून एक जागा आहे, ती हळूहळू खोल होत जाते. शिकणाऱ्यांना तेथे नेतात. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या नावाजलेल्या जागा मात्र भर समुद्रात, वीस ते तीस मीटरच्या पट्ट्यात आहेत. तेथे प्रवाहही असतो. डिक्सन आणि जॉनी हे कोणी साहेब नव्हेत. ब्रह्मदेशातून १९२५ साली अंदमानात आणून वसवलेल्या करेन लोकांपैकी हे पाणबुडे. समुद्राशी त्यांचे घरोब्याचे नाते. त्यांनी शोधलेल्या जागी जायचे तर आपल्यालाही थोडे त्यांच्यासारखे व्हावे लागते.

तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या की पुरे. काहीच न शिकता, शिकवणाऱ्याचा हात धरून मारायची ती चाखून पाहण्याची बुडी. ती फार तर बारा मीटरपर्यंत. तीन-चार दिवस शिकून मिळते ते पहिले प्रमाणपत्र. त्यावर अठरा मीटर. त्यापुढचे शिक्षण झाले की तीस मीटर. पहिल्या पायरीवरच्या माणसाला जो तिसऱ्या पायरीची जागा दाखवण्याचे कबूल करतो, त्याच्या दुकानातून चपला घालून बाहेर पडावे.

जागा आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणाराही संशयास्पदच. आमच्या बंगाली मुलीला विचारले तर म्हणाली, “उद्या सकाळी वारा पाहून सांगेन.” येथे मामंजींना एकदम कंठ फुटला. त्यांचे बालपण गुहागरकडे गेलेले. “आणि तिथी पाहून!” ते म्हणाले. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. पाणी जोरात येते, जोरात जाते आणि गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी मवाळ. कोकणातला कोळी जे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो तेच ती मुलगी मोबाइलमधल्या भरतीच्या तक्त्यावर पाहत होती. दोघांचे उत्तर एकच निघाले, तेव्हा मामंजींना झालेला आनंद तुरुंग पाहण्याच्या समाधानाहून कमी नव्हता.

हा हिशेब दिवाळीच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे फराळ आटोपून धावत अंदमान गाठणाऱ्यांना उधाणच भेटायचे. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही काळ. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेने याच बेटावर शेकडो प्रवासी अडकून पडले आणि नौदलाला त्यांना सोडवावे लागले. इकडे मोसमी पाऊस केरळच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमानात पोहोचतो. तेव्हा जानेवारी ते एप्रिल हे महिने बरे. त्यांतही अष्टमीच्या आसपासचे दिवस.

दुकान निवडताना काय विचारावे, हे आता मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पैशाच्या आधी आरोग्याचा अर्ज देतात काय? तो अर्ज घरूनच मागवून घ्यावा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावा. बेटावर ऐनवेळी डॉक्टर कुठून आणणार? एका शिकवणाऱ्यामागे किती माणसे? नवशिक्यांना एकास एक, फार तर दोन. त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, आणि ते आजही चालू आहे काय? खोल पाण्यात नेण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतात काय? चष्म्यात शिरलेले पाणी कसे काढायचे, तोंडातली नळी सुटली तर कशी शोधायची, हे तेथे शिकायचे असते. हाताच्या खुणाही. अंगठा वर केला म्हणजे ‘झकास’ नव्हे, तर ‘वर चला’; झकास म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची. आमच्या ह्यांनी सरावात आनंदाने अंगठा दाखवला आणि त्यांना ताबडतोब वर काढण्यात आले!

सामानही पाहावे. घरच्या गॅसच्या सिलिंडरप्रमाणे या टाक्यांवरही चाचणीची तारीख ठोकलेली असते. टाकीतली हवा हुंगून पाहावी. तिला कसलाही वास असता कामा नये. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी परत. प्रत्येक शिकवणाऱ्याजवळ दुसऱ्याला देता येईल अशी जादा श्वासाची नळी हवी. बोटीवर खरा ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी हवी; आणि दाबाच्या विकारावर उपचार करणारी बंद खोली सर्वांत जवळ कुठे आहे, हे विचारताच उत्तर मिळाले पाहिजे. ‘तशी वेळच येत नाही’ हे उत्तर नव्हे. आपल्या विम्यात पाण्याखालचे अपघात धरले आहेत की वगळले आहेत, तेही निघण्यापूर्वी वाचावे. किनाऱ्यावर मगरीविषयी पाटी असेल तर ती गंमत म्हणून लावलेली नाही; त्या समुद्रात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

शेवटचा प्रश्न माणसांविषयी नाही. माशांना पाव घालतात काय, प्रवाळावर उभे राहू देतात काय, नांगर प्रवाळावरच टाकतात काय? प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते जिवंत प्राण्यांनी बांधलेले असतात आणि फार हळू वाढतात. २०१० साली समुद्र तापल्यामुळे अंदमानातले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तुकडा आठवण म्हणून उचलणे हा गुन्हा ठरतो. जो दुकानदार प्रवाळाला जपतो तो बहुधा गिऱ्हाइकालाही जपतो, असा माझा समज झाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बापलेक पाण्यात शिरले. मी, मामंजी आणि धाकटी किनाऱ्यावर. पहिल्यांदा दोन डोकी दिसत होती. मग नुसते बुडबुडे. तो अर्धा तास मी घड्याळाकडे पाहत काढला, हे कबूल करते. मालवणला मी निर्धास्त शहाळे पीत बसले होते. मग चिरंजीव वर आले. कानाला हात नव्हता. त्यांनी सांगितले, की अर्ध्या वाटेवर कान जरा दुखला तेव्हा त्यांनी खूण केली. ती मुलगी लगेच थांबली, त्यांना मीटरभर वर आणले, कान मोकळा होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच पुढे नेले. “फोटो?” मी विचारले. “फोटो काढायला वेळच झाला नाही, आई,” ते म्हणाले. इतके बरे वाटले मला ते ऐकून!

दुपारी तिने धाकटीला आणि मला काचेचा चष्मा व तोंडातली साधी नळी दिली आणि एलिफंट बीचवर जायला सांगितले. तेथे छातीएवढ्या पाण्यावर पालथे पडून, तरंगण्याचे जाकीट घालून, आम्ही दोघींनी खाली पाहिले. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आमच्या सावल्यांतून जात होते. धाकटीने पाण्यातच माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर मात्र दादाने पाहिले ते आपण पाहिले नाही, ही तक्रार तिने पुन्हा नोंदवली. मुलांचे समाधान आपल्या समजुतीप्रमाणे होत नसते.

निघताना त्या मुलीने धाकटीचा भरलेला अर्ज तिच्या हातात दिला. त्यावर ‘नाही’ असे लिहिले होते, आणि खाली जुलैतली तिची जन्मतारीख लिहून पुढे ‘यानंतर ये’.

पुण्याला परतल्यावर मी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि सांगितले, “बाई, तुम्ही वरूनच बघा.” वाईट वाटले, पण हेच उत्तर मला पाण्याखाली मिळाले असते तर, असा विचार आल्यावर ते वाईट वाटणे ओसरले. धाकटी जुलैत दहा वर्षांची झाली. तो अर्ज तिच्या कंपासपेटीत घडी घालून ठेवलेला आहे. येत्या एप्रिलातली अष्टमी मामंजींनी पंचांगात लाल पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे, आणि ह्यांनी तिकिटांची चौकशी सुरू केली आहे. परवा आगगाडीच्या तिकिटाचा फॉर्म भरताना त्यांनी मला विचारले, “हिचं वय काय लिहू?”

“आहे ते,” मी म्हटले.